कॉफीचा उपास

आमच्या सासरी माणूस गेलं की त्याच्या नावाने काहीतरी सोडायची पद्धत आहे. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी निवट्या सोडल्या. खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारे ते मासे सासऱ्यांच्या जिवाचे होते, आणि खरं तर सासूबाईंच्याही. आता गव्हाणकडच्या खाडीत एवढा भराव पडलाय की निवट्या औषधालाही मिळत नाहीत. म्हणजे सगळ्या गावानेच सोडल्यासारखं झालं. पण सासूबाई अजून मान वर करून सांगतात, मी सोडल्यात म्हणून.

माझी मोठी जाऊ गेली तेव्हा तिच्या नावाने मी कॉफी सोडावी असं घरातले सगळे धरूनच चालले होते. मी सोडली नाही. आजही सकाळी उठून पहिलं काम मी कॉफी करायचं करते, काळी, बिनसाखरेची. नात्यातल्या बायका माझ्यामागे काय बोलतात ते मला व्यवस्थित पोचतं, कारण पोचवणाऱ्याही त्यांच्यातल्याच असतात. ज्या कॉफीने त्या बाईला नेलं तीच ही ढोसते, असं म्हणतात. त्यांना एकदा समोर बसवून सांगायचं होतं, पण असं समोर कुणी बसत नाही. म्हणून लिहायला घेतलं.

जाऊबाई माटुंग्याला वाढलेल्या. शेजारी सगळी मद्रासी बिऱ्हाडं, त्यामुळे चहाच्या आधी त्यांच्या जिभेला कॉफी लागली. लग्न होऊन गव्हाणला आल्या तेव्हा ट्रंकेत पितळेचं फिल्टर घेऊन आल्या. मिठागरं आणि भातशेती करणारं आमचं सासर, दिवसभर चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं. त्या घरात ही नवी सून सकाळी वेगळं भांडं काढून काळं पाणी गाळत बसायची. सासूबाईंनी त्यावरून त्यांना किती बोलावं याला काही सुमार नाही. जाऊबाई ऐकून घ्यायच्या आणि पेला संपवायच्या. भांडण नाही आणि माघारही नाही, हा त्यांचा स्वभाव होता.

मी धाकटी म्हणून मागाहून आले. पुढे जमिनी गेल्या, भाऊ नोकरीला लागले आणि आम्ही सगळे नवीन पनवेलला एकाच बिल्डिंगमध्ये आलो. मोठे दीर, जाऊबाई आणि सासूबाई दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्यावर. जावाजावांचं पटत नाही असं सगळं जग म्हणतं. आमचं फार पटायचं असंही नाही. जिन्यात भेटल्यावर भाजी काय केली ते विचारायचं, सणाला एकत्र पुरण वाटायचं आणि आपापल्या मजल्यावर जायचं. पन्नाशी येईपर्यंत आमचं एवढंच होतं. त्यानंतर जे झालं ते पायांमुळे झालं.

जाऊबाईंची साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एकट्या जायला त्यांना कंटाळा, म्हणून मला ओढलं. पहाटे आम्ही दोघी सलवार-कमीज आणि नवे कोरे बूट घालून निघायचो. सासूबाई गॅलरीतून विचारायच्या, कोन मागं लागलंय गो तुमच्या? सहा-सात महिन्यांनी चालण्याचं धावणं कधी झालं ते कळलंच नाही. आमच्या भागात सकाळी धावणाऱ्यांचा एक गट आहे, बँकेतले, शाळेतले, एक औषधाच्या दुकानाचा मालक, दोन-चार पोरीबाळी. त्यांनी आम्हाला सामावून घेतलं. काकू, खांदे सैल सोडा, असं कुणीतरी पंचविशीतलं पोरगं मागून ओरडायचं आणि आम्ही सोडायचो.

मी जाऊबाईंना ताई म्हणायचे आणि अर्थातच अहो-जाहो करायचे. एके दिवशी चढावर मी धापा टाकत म्हटलं, "अहो ताई, तुम्ही जरा हळू चला ना हो." त्या थांबल्याच. म्हणाल्या, "धावताना अहो म्हणायला दम पुरत नाही गं तुला. रस्त्यावर तू म्हण. घरी गेल्यावर काय म्हणायचं ते म्हण." तेव्हापासून आमचं तसंच झालं. बिल्डिंगच्या गेटबाहेर ती ताई आणि तू, गेटच्या आत त्या ताई आणि तुम्ही. या पानांवरही मी आता तिला ‘ती’ असंच म्हणणार आहे, कारण मला आठवते ती गेटबाहेरचीच.

कॉफीचं प्रकरण त्या औषधवाल्याने सुरू केलं. तो म्हणाला की धावण्याआधी अर्धा-पाऊण तास काळी कॉफी घेतली तर पाय हलके पडतात, मोठेमोठे खेळाडू घेतात, आपल्यासारख्या हौशी लोकांनाही फरक जाणवतो. ताईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. ज्या पेल्यावरून तिने उभा जन्म बोलणी खाल्ली तो पेला आता गुणकारी निघाला होता. दुसऱ्याच दिवसापासून तिने माझ्यासाठीही कॉफी आणायला सुरुवात केली. मी पहिला घोट घेतला आणि म्हटलं, यापेक्षा एरंडेल बरं. पण नाक धरून प्यायले.

कॉफी कशी चढते ते ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आम्ही विचुंब्याच्या रस्त्याला लागायचो, गाढी नदीचा पूल यायचा, आणि पुलाच्या मध्यावर कुठेतरी अंगातला जडपणा उतरून जायचा. ताकद वाढते असं नाही. पाय तेवढेच दुखत असतात, फक्त त्यांची कुरकुर ऐकू येईनाशी होते. मग ताई मागे न बघता विचारायची, "चढली का गं?" मी म्हणायचे, "चढली." एवढंच बोलणं. पुढे कळंबोलीपर्यंत आम्ही दोघी गप्प धावायचो आणि मला आयुष्यात कुणाच्या सोबतीत इतकं बरं वाटल्याचं आठवत नाही.

अर्थात कधीकधी कॉफी अंगावरही यायची. एकदा मी शहाणपणा करून दोन पेले प्यायले. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, आणि कळंबोलीत लोखंडाच्या बाजाराजवळ पोटाने असा काही आवाज दिला की विचारू नका. चहूकडे ट्रकांच्या रांगा. बाईमाणसाने करायचं काय? शेवटी एका वजनकाट्याच्या ऑफिसातल्या मुलीने दया येऊन आतलं दार उघडून दिलं. मी बाहेर आले तेव्हा ताई ट्रकच्या चाकाला टेकून हसत होती. इतकी हसत होती की तिला पुढे धावताच आलं नाही. त्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी आलो.

आमच्या भागात दर वर्षी थंडीत दहा किलोमीटरची एक शर्यत होते. पहिल्या वर्षी ताई त्यात शेवटच्या टप्प्यात चालली. पायात गोळा आला आणि ती चालत आत आली. बाकी कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. गळ्यात पदक पडलं, फोटो निघाले, मोठ्या दिरांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. पण ताईने ते पदक कपाटात आत सरकवून ठेवलं. चालत मिळवलेलं आहे, म्हणाली. पुढच्या वर्षी एकदाही न चालता पूर्ण धावायचं, एवढं एकच तिच्या मनाने घेतलं. आम्ही सगळ्यांनी तिची चेष्टा केली, की ताई, तुला कोण ऑलिंपिकला पाठवतंय. ती हसायची. पण दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दाराची बेल नेहमीपेक्षा आधी वाजायची.

पुढच्या शर्यतीच्या सुमारास तिची एक तक्रार सुरू झाली, की आता कॉफी चढत नाही. आणि ते खरंच होतं. रोज पिणाऱ्याला ती रोजचीच होते. गटात यावर बरीच चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं की शर्यतीच्या आधी आठवडाभर कॉफी बंद करायची, चहाही बंद, आणि मग शर्यतीच्या सकाळी प्यायची. मग ती पहिल्यांदा प्यायल्यासारखी चढते. औषधवाला म्हणाला, करून बघायला हरकत नाही, दोन-तीन दिवस डोकं दुखेल तेवढं सोसा. दोन-चार जणांनी ठरवलं, त्यात आम्ही दोघी. त्याला कॉफीचा उपास हे नाव ताईनेच दिलं.

तिने जन्मात एक एकादशी केली नव्हती. चतुर्थीला सगळं घर उपाशी असताना ती पोळी-भाजी खायची, आणि तीही लपूनछपून नाही. सासूबाईंच्या मनात ते कायम सलत आलेलं. त्यामुळे मोठी सून आठवडाभर काहीतरी सोडणार आहे हे कळल्यावर त्यांना आनंदच झाला. देवासाठी नाही, शर्यतीसाठी आहे हे त्यांना नीट सांगितलं होतं. पण उपास तो उपास, असं म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी आम्हा दोघींसाठी साबुदाण्याची खिचडी केली. ताईने ती मागून घेऊन खाल्ली. सासूसुनांचं इतकं गोडीत चाललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. कपाळ आणि दोन्ही कानशिलं, जड, मंद, पावसाळी ढगासारखं. झोप येत होती आणि नवऱ्याने नुसतं चमचा कुठे आहे विचारलं तरी मी खेकसत होते. दुपारी खाली गेले तर ताई डोळ्यांवर ओला रुमाल घेऊन पडलेली. तिचंही दुखत होतं. मला ते ऐकून चक्क बरं वाटलं, आपण एकट्याच नाही म्हणून. तिचं मागून दुखत होतं, मानेच्या वर. कणीक मळत होते आणि मागून कुणीतरी मुसळ घालावं तसं एकदम आलं, असं ती म्हणाली. हसत म्हणाली. मीही हसले. तुमचं व्यसन जुनं, तुम्हाला जास्तच लागणार, असं काहीतरी मी म्हटलं, आणि ते तिलाही पटलं.

आमच्या घरात उपासाला डोकं दुखणं ही काही बातमी नव्हे. सासूबाईंचं दर चतुर्थीला दुखतं. पित्त उठलं म्हणायचं, सुंठेचा लेप लावायचा, चंद्रोदय होईपर्यंत पडून राहायचं. उपास मोडायचा मात्र नाही. माझ्या आईचंही तसंच होतं. बायकांना उपासात दुखलं की कुणी का दुखतंय असं विचारत नाही, कारण उत्तर आधीच तयार असतं. सासूबाईंनी ताईला सुंठ उगाळून लावली. मोठ्या दिरांनी गोळी आणून दिली. ताईने गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं आणि ती परत केली. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफिन घातलेलं असतं, तसं तिच्यातही होतं. घेतली असती तर उपास मोडला असता. मोठे दीर चिडले, मग दुसरी आणतो म्हणाले. ती म्हणाली, राहू द्या, सवयीचं दुखणं आहे, जाईल.

माझं गेलं. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर डोकं हलकं. ताईचं तसंच होतं. कमीजास्त व्हायचं, पण जायचं नाही. उजेड सोसत नाही म्हणून घरात गॉगल लावून स्वयंपाक करत होती आणि मी तिला सिनेनटी म्हणून चिडवत होते. गटाच्या व्हॉट्सॲपवर तिने लिहिलं की माझं अजून दुखतंय. त्यावर सगळ्यांचं एकच, की काकू, जितकी जुनी सवय तितके दिवस लागतात, टिकून राहा. औषधवाल्यानेही तेच लिहिलं. डॉक्टरकडे जाऊन ये असं मोठे दीर एकदा म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "त्यांना काय सांगू, कॉफी सोडली म्हणून दुखतंय? ते म्हणतील, मग प्या." आम्ही सगळे हसलो. याहून साधं, सरळ आणि खोटं उत्तर त्या घरात कधी दिलं गेलं नसेल.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर तिने थर्मास उघडला. दोन स्टीलचे पेले काढले. पारणं, असं म्हणून तिने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. आठवड्याने तो वास नाकात गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता अर्ध्या तासात डोकं जाईल बघ," ती म्हणाली. मला ती कॉफी इतकी जोरात लागली की सुरुवातीच्या रेषेवर माझे पाय जागच्या जागी नाचत होते. पुलावर मी हाक मारून विचारलं, "ताई, चढली का?" नेहमी ती विचारायची, त्या दिवशी मीच विचारलं. तिने मागे न बघता नुसता हात वर केला. मी समजले, चढली.

ती माझ्यापुढे निघून गेली. वळणावर परत येणाऱ्यांच्या रांगेत ती मला समोरून दिसली तेव्हा तोंड लाल झालेलं, पण पाय एका लयीत पडत होते. मी ओरडून म्हटलं, शाब्बास. तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

मी शेवटची रेषा ओलांडली तेव्हा ती पदक घेऊन फुटपाथच्या कडेला बसली होती. एका हाताने मान धरलेली. शेजारी उलटी झालेली दिसत होती. एक स्वयंसेवक मुलगी तिच्यापुढे केळं धरून उभी होती. मी खाली बसले तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चालले नाही हं मी कुठेच." मग जरा थांबून म्हणाली, "पण डोकं तसंच आहे गं. कॉफी घेऊनसुद्धा तसंच आहे."

कॉफी सोडल्याचं दुखणं असतं तर कॉफी घेतल्यावर जायला हवं होतं. एवढं साधं गणित होतं, आणि ते सोडवायला तो थर्मास उघडेपर्यंत थांबावं लागलं. तिलाही ते तेव्हाच कळलं असणार, पुलावर किंवा त्याच्या पुढे कुठेतरी, आणि तरी ती धावत राहिली. मी तिचा चेहरा पाहिला त्यावरून सांगते.

पुढचं भराभर झालं. ॲम्ब्युलन्स तिथेच होती. आधी पनवेलातलं हॉस्पिटल, मग तिथून मोठं. मेंदूतली एक नस फुगलेली होती. ती आधी थोडीशी झिरपली होती, बहुधा कणीक मळताना जे मुसळ बसलं तेव्हा, आणि आता पुरती फुटली. ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली नाही. सासूबाई, मोठे दीर, माझा नवरा, सगळे बाहेर बसलेले असताना मला आत सोडलं, आणि सासूबाई माझ्यामागून आत आल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. मी तिचा हात धरून म्हटलं, "ताई, ऊठ ना गं. चल ना." सासूबाईंसमोर मी तिला पहिल्यांदा तू म्हटलं. त्याच आठवड्यात ताई गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, कॉफीने झालं का, धावण्याने झालं का. ते बिचारे दमलेले होते, तरी उभं राहून सांगितलं. ती फुगवटी किती वर्षांपासून असेल ते सांगता येत नाही, कधीही फुटली असती, झोपेतसुद्धा. जोराने धावणं आणि एकदम घेतलेली कॉफी यांनी रक्तदाब थोडा चढला असेल, पण त्यानेच झालं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. फक्त पहिल्यांदा जे एकदम आलं, तेव्हा आणलं असतंत तर संधी होती. एवढं बोलून ते गेले.

अपराधी वाटून घेऊ नकोस, असं मला जो तो सांगतो. मी घेतलेलंच नाही. मला राग येतो. जे भेटायला आले आणि कॉफी, धावणं, या वयातली थेरं असं कुजबुजत लाडू खाऊन गेले त्यांचा येतो. आणि सगळ्यांत जास्त त्या उपास शब्दाचा येतो. ताईचं दुखणं लपलेलं नव्हतं. तिने ते सासूबाईंना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, मला सांगितलं, गटावर लिहून सांगितलं. ऐकलं सगळ्यांनी. पण आम्ही सगळ्यांनी त्याला आधीच एक नाव देऊन ठेवलं होतं, आणि नाव मिळालेलं दुखणं कुणी परत तपासत नाही. कॉफीने तिला नेलं नाही. कॉफी सोडली होती म्हणून खरं काय ते कुणाला दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. या विषयातले बरेच जाणकार म्हणतात की आठवडाभर सोडून काही मोठा फरक पडत नाही. रोज पिणाऱ्यालाही शर्यतीच्या सकाळी ती उपयोगी पडतेच, थोडी कमी, थोडी जास्त. म्हणजे उपासाची गरजच नव्हती. ती रोजचा पेला पिऊन धावली असती तरी न चालता पोचली असती. हे वाचलं तेव्हा मी फोन उलटा करून ठेवला.

दोन-तीन महिने मी बूट पायात घातले नाहीत. मग एका सकाळी राहवेना म्हणून निघाले. कॉफी प्यायले, फिल्टर मी मोठ्या दिरांकडून मागून आणलं होतं. विचुंब्याच्या रस्त्याला लागले तेव्हा पाय शिशाचे झाले होते आणि मला वाटलं, बरंय, असंच हवं. आणि पुलाच्या मध्यावर, नेहमीच्याच जागी, ती चढली. अंग हलकं झालं. पाय आपोआप उचलले जायला लागले, दम लांबला, पहाटेची हवा छान वाटायला लागली. मनाला विचारलंच नाही कुणी. मी इतकी दुःखात, आणि माझं शरीर आनंदाने धावत होतं. मला त्याची इतकी लाज वाटली की मी कठड्याला धरून रडले. चढली का, असं विचारणारं पुढे कुणी नव्हतं, आणि चढली तर होती.

तरीही मी पीत राहिले, धावत राहिले. तिची तेवढीच जागा माझ्याजवळ उरली आहे, पुलाच्या मध्यावरची.

वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. सासूबाई आता माझ्याकडेच राहतात, मोठे दीर जेवायला येतात. पानात तिच्या आवडीचं सगळं वाढलं होतं, अळूवडीपर्यंत. मी फिल्टरमधली कॉफी पेल्यात घालून पानाशेजारी ठेवली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुपारी पांगापांग झाल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवलं.

"तिच्या नावानं ती काली कॉफी सोड आता," त्या म्हणाल्या. "आमी आमच्या मानसांसाठी सोडलंय तसं."

मी म्हटलं, "नाही सोडणार, आई. सोडली म्हणूनच तर कळलं नाही." आणि मग वर्षभर जे पोटात होतं ते सगळं सांगितलं. सवयीचं दुखणं कुठे दुखतं आणि तिचं कुठे दुखत होतं, गोळी तिने परत का केली, फुटपाथवर ती काय म्हणाली. सासूबाईंना यातलं अर्धं कुणी सांगितलंच नव्हतं. त्या ऐकत होत्या आणि मांडीवरचा पदर बोटांनी सारखा करत होत्या.

शेवटी त्यांनी विचारलं, "एवढं दुकत व्हतं, आन ती बोलली नाय?"

"बोलली होती," मी म्हटलं. "आपल्या सगळ्यांना बोलली होती. आपण सुंठ लावली."

सासूबाई उठून आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला वाटलं, आपण हे म्हाताऱ्या माणसाला सांगायला नको होतं. पण परत घेण्यासारखंही त्यात काही नव्हतं. संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मी आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बुटांच्या नाड्या बांधत होते तर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या पहाटे त्या कधी उठत नाहीत. मला वाटलं, आता अडवणार. त्यांनी ओट्यावरच्या फिल्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पिलीस काय गो?"

मी म्हटलं, "हो, आई."

त्यांनी दार उघडून धरलं. मी बाहेर पडले, दोन पायऱ्या उतरले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"कुठं दुकलं त मना येऊन सांगशील. उपास असला तरी सांगशील. मी लेप लावनार नाय, तुला घेऊन जाईन."

मी मान हलवली आणि खाली उतरले. गेटबाहेर येऊन वर पाहिलं तर त्या गॅलरीत येऊन उभ्या होत्या.